तीन चेहरे आणि भिंगताई

वीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा भिंगताई ते घरी न नेता आधी घड्याळवाल्याकडे घेऊन गेली आणि त्याला मागचं झाकण उघडायला लावलं. घड्याळवाला म्हणाला, "बाई, चालतंय की चांगलं." ही म्हणाली, "चालतंय म्हणूनच बघायचंय." आत काही निघालं नाही, फक्त आधी कुठेतरी वापरलेली, निम्मी उतरलेली बॅटरी होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बॅटरी सगळ्यांना दाखवत फिरली. "बघा! सत्कारसुद्धा अर्ध्यावरचा." आम्ही पोट धरून हसलो. पण त्यानंतर कंपनीची कुठलीही वस्तू मलाही सरळ मनाने हातात घेता येईना, आणि याचा मला तिच्यावर रागच होता.

मी तिच्या टेबलावरची जोडीदार. अकरा वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून बसलो. भिंगताई हे नाव आधीच्या बायकांनी ठेवलेलं. एक तर तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही, आणि दुसरं म्हणजे माणूस समोर आला की तीच नजर ती त्याच्यावरही लावायची. कुणी नुसतं "बरी आहेस ना?" विचारलं तरी ती आधी विचारायची, "का? काय झालं?" लग्नाची पत्रिका आली की पाकीट उलटसुलट करून बघायची, आधी दुसऱ्या कुणाचं नाव लिहून खोडलंय का. अशी बाई शेजारी असली की माणसाला बोलायला मजा येते आणि सांगायला भीती वाटते.

आमचं काम इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासायचं. टेबलावर दिव्याचा खोका, त्यात मागे एक पाटी पांढरी, एक काळी. पाच कुप्या चिमट्यात धरायच्या, उलट्या करायच्या, हलकेच फिरवायच्या. आधी पांढऱ्यावर बघायच्या, मग काळ्यावर. पांढऱ्यावर काळा कण दिसतो, काळ्यावर काचेची कपची आणि कपड्याचा तंतू दिसतो. एक बघणार, दुसरी ट्रे भरणार. कागदावर असं होतं की सकाळी सहापासून दहाच्या चहापर्यंत भिंगताईने बघायचं आणि मी भरायचं, चहानंतर उलट. पण सलग चार तास बघितलं तर डोळ्याला असलेले कण दिसेनासे होतात आणि नसलेले दिसायला लागतात. हे कागद लिहिणाऱ्याला माहीत नसावं, कारण तो कधी कुपीकडे बघत बसला नव्हता. म्हणून चौदाही टेबलांवर दर वीस मिनिटांनी खुर्च्या बदलायच्या. याला आम्ही डोळा बदलणं म्हणायचो. आमच्या आधीच्या बायकाही हेच करत. सही मात्र कागदाबरहुकूम. सुपरवायझरला हे माहीत होतं की नव्हतं ते त्याचं त्याला माहीत. बिचारा दर वीस मिनिटांनी नेमका खिडकीबाहेर बघायचा.

भिंगताईला सकाळची पाळी हवी असायची आणि ती तिने कधीच सोडली नाही. त्याचं कारण तिचा धाकटा भाऊ. चाळिशीचा गडी, पण एकोणिसाव्या वर्षी जिन्यावरून पडला तेव्हापासून त्याची अक्कल पाच वर्षांच्या मुलाएवढीच राहिली. आईवडील गेल्यावर सगळं हिच्या गळ्यात आलं, आणि हिने लग्नाचा विषयच बंद केला. दिवसभर त्याला एका केंद्रात ठेवायची; सकाळी शेजारच्या काकूने गाडीत बसवलं तरी चालायचं. तिथली गाडी दुपारी तीनला त्याला दारात सोडायची, आणि त्या वेळी दारात हीच लागायची. दुसरं कुणी चालायचं नाही. एकदा बस बंद पडली आणि हिला दहा मिनिटं उशीर झाला, तर तो रस्त्यावर बसून गाडीच्या चाकावर डोकं आपटत होता. कपाळावर टाके पडले. तेव्हापासून दोनला भोंगा झाला की भिंगताई कुणासाठी थांबायची नाही. तीन वाजता दारात उभं राहणं, एवढ्या एका गोष्टीवर तिचं घर उभं होतं.

अशात कंपनीने आमच्या भल्याचं मनावर घेतलं.

एका सोमवारी भिंतीवर मोठमोठे कागद लागले: "काम आणि घर, दोन्हींचा तोल." एक नवीन बाई आली. मऊ चप्पल, मऊ आवाज, हातात सतत पाण्याची बाटली. तिचं काम आमची खुशाली बघायचं, म्हणून आम्ही तिला खुशालीबाई म्हणायला लागलो. तिने जुन्या सामानाच्या खोलीला पिवळा रंग दिला, आत दोन गुबगुबीत खुर्च्या आणि एक प्लास्टिकचं झाड ठेवलं, आणि दारावर लिहिलं: "मोकळं व्हा." मग रोज अकराला पाच मिनिटं दीर्घ श्वास घ्यायचे ठरले. ही पाच मिनिटं कुठून आली हे भिंगताईनेच शोधून काढलं. चहाची सुट्टी पंधराची दहा झाली होती.

"श्वास तर आम्ही आधीपण घेत होतो," ती म्हणाली, "चहा पिता पिता. भीक नको पण कुत्रं आवर."

आणि मग आल्या त्या स्क्रीन. चौदा टेबलांवर चौदा, बघणारीच्या खुर्चीसमोर. दर तासाला त्यावर विचारायचं, "आत्ता कसं वाटतंय?" आणि खाली तीन चेहरे: हसरा, मधला आणि रडका. बोट लावलं की गेलं.

खुशालीबाईने सगळ्यांना उभं करून समजावलं. "हे तुमच्यासाठी आहे हं. कुणाचंही नाव कुणाला दिसणार नाही. मन मोकळं करा."

भिंगताईने हात वर केला. "नाव दिसणार नाही, तर सकाळी खुर्चीला कार्ड कशाला लावायचं?"

"ते फक्त मशीन चालू व्हायला, ताई."

"मशीन चालू करायला बटण असतं."

सगळ्या हसल्या. खुशालीबाईही हसली, पण वहीत काहीतरी लिहिलं. ते मी बघितलं आणि भिंगताईने माझ्याही आधी बघितलं. "कुठंतरी पाणी मुरतंय," ती जागेवर येऊन पुटपुटली. "विचारतात तेव्हा हसरा दाबायचा आणि गप बसायचं. आपलं रडं आपल्या घरी."

मला त्या दिवशी तिचा वैताग आला. म्हटलं, "ताई, सुतावरून स्वर्ग गाठतेस तू. जगात कुणाला कुणाचं बरं वाटूच शकत नाही का?"

"वाटतं की. पण ते दर तासाला विचारत नाहीत."

मला इतका वैताग का आला, ते आता सांगते. त्याच्या चार महिने आधी माझा नवरा "जरा काही दिवस" म्हणून त्याच्या भावाकडे राहायला गेला होता आणि परत आला नव्हता. तो दुसऱ्या कारखान्यात रात्रपाळी करायचा, मी इथे सकाळी; दोन वर्षं आम्ही एकमेकांना दारातच भेटलो, एक जण आत, एक जण बाहेर. भांडायलाही वेळ मिळाला नाही. मग त्याने एक दिवस स्वतःचे कपडे उचलले. मी हे कुणालाच सांगितलं नाही. माहेरी नाही, शेजारी नाही, टेबलावर नाही. लोकांना वाटायचं तो झोपलाय. सकाळी चारला रिकाम्या घरात उठताना छातीवर दगड असायचा, तो चहापर्यंत उतरायचा नाही. आणि अशा वेळी समोरची काच विचारायची, आत्ता कसं वाटतंय. काय सांगू, मला बरं वाटायचं. कुणीतरी विचारतंय आणि पुढे काही विचारत नाहीये. मी रडका दाबायचे. रोज. दाबलं की जरा मोकळं झाल्यासारखं वाटायचं.

यात एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही, आणि आमच्यासारख्या डोळा बदलणाऱ्या बायकांशिवाय ही चूक दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती. चहापर्यंत बघणारीच्या खुर्चीला कार्ड भिंगताईचं असायचं. सहाला ती बघायला बसायची, मग वीस मिनिटांनी मी, मग ती. हिशेब केला तर सातच्या ठोक्याला मी त्या खुर्चीत असायचे, आठला ती, नऊला पुन्हा मी. माझे रडके चेहरे तिच्या नावावर पडत होते. आणि ती खाली मान घालून ट्रे भरत असायची, तिला दिसायचं नाही मी काय दाबतेय ते. चहानंतर माझं कार्ड लागायचं, तोवर माझा दगड थोडा हललेला असायचा, आणि निम्मे चेहरे तर तिचेच हसरे असायचे. म्हणजे कंपनीच्या दप्तरी मी मजेत होते.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी खुशालीबाईने भिंगताईला पिवळ्या खोलीत बोलावलं. अर्ध्या तासाने ती परत आली तेव्हा हातात कागद होता. बसली, चिमटा उचलला, पाच कुप्या धरल्या आणि बघितल्याच नाहीत.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"माझी काळजी वाटतेय त्यांना." तिने कागद माझ्याकडे सरकवला.

कागद गोड होता. तपासणीचं काम ताणाचं आहे. सकाळच्या वेळी तुमच्या मनावर विशेष भार दिसतो. पहाटे उठण्याचा त्रास वाचावा म्हणून तुम्हाला सोमवारपासून लेबलच्या गोदामात हलकं काम देत आहोत, वेळ दहा ते सहा. खाली छापलं होतं, "आम्ही तुमच्यासोबत आहोत."

"दहा ते सहा?" मी म्हणाले. "आणि तीन वाजता?"

"तेच म्हटलं मी. घरी माणूस आहे, तीनला दारात लागते, म्हटलं. तर म्हणते, 'बघा ताई, म्हणूनच तर ताण येतोय. घरचीही जबाबदारी थोडी वाटून द्यायला शिका.' कुणाला वाटून देऊ? भिंतीला?"

"पण तू तर रोज हसरा दाबतेस."

"ते पण म्हटलं. मग तिने रेघारेघांचा कागद काढला. सातला रडका, आठला हसरा, नऊला रडका. रोज तसंच. म्हणते, मनाचे चढउतार आहेत."

माझ्या हातातला ट्रे मी टेबलावर ठेवला. सात, आठ, नऊ. मला सगळं एका क्षणात कळलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले काय, तर, "मशीनचं काय खरं असतं?" आणि उठून पाणी प्यायला गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जात होती आणि चोर नळावर उभा राहून घोट घोट पाणी पीत होता.

जेवणाच्या सुट्टीत बायका कुजबुजत होत्या. हिच्या घरी काहीतरी मोठं असणार, वरून दाखवत नाही. भिंगताई मात्र दुसऱ्याच गोष्टीवर नजर लावून बसली होती. मागच्या फाटकातून दोन मोठी लाकडी खोकी आत आली होती, आणि त्यांवर कॅमेऱ्याचं चित्र होतं.

"कुप्या बघायचं मशीन आहे ते," ती म्हणाली. "चौदा टेबलांची दहा करायची असणार. एखादीला काढलं तर कारण द्यावं लागतं. काळजी घेतली की तिनेच आभार मानायचे."

"म्हणजे ते चेहरे त्यासाठीच?"

"मला काय माहीत? मी फक्त विचारतेय, दोन्ही एकाच महिन्यात कशी आली."

हे खरं की तिची सवय, मला आजही सांगता येणार नाही. खोकी खरी होती, एवढंच मी सांगू शकते.

सोमवारी ती गोदामात गेली आणि माझ्या शेजारी दुसऱ्या टेबलावरची एक बाई येऊन बसली. मंगळवारी मला कळलं की शेजारची काकू तीनला दारात उभी राहिली होती, पण धाकटा गाडीतून उतरलाच नाही. त्याने सीटचा दांडा धरून ठेवला. वीस मिनिटं थांबून गाडी त्याला परत केंद्रात घेऊन गेली. सहा वाजता कामावरून सुटून ही तिकडे धावली, तर तो तिथे अंधाऱ्या व्हरांड्यात बूट हातात घेऊन बसला होता. केंद्रवाल्यांनी सांगितलं, असं आठवडाभर चाललं तर आम्हाला ठेवता येणार नाही.

मग मात्र मला राहवेना. खाई त्याला खवखवे. बुधवारी पाळी सुटल्यावर मी पिवळ्या खोलीचं दार वाजवलं. खुशालीबाईने मला गुबगुबीत खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि इतक्या मायेने बघितलं की मला तिथेच रडू येईल असं वाटलं.

"मॅडम, ताईंच्या नावावर जे रडके चेहरे आहेत ना," मी म्हणाले, "त्यात काहीतरी चूक आहे."

"कसली चूक?"

"ते तिचे नाहीत."

"मग कुणाचे?" तिचा आवाज तसाच मऊ होता, पण पेन उघडलं गेलं. "त्या वेळी त्या खुर्चीत दुसरं कुणी होतं का?"

हो म्हटलं तर डोळा बदलणं बाहेर येणार. चौदा टेबलांच्या, इतक्या वर्षांच्या सह्या खोट्या ठरणार. अठ्ठावीस बायका. आणि ती पेन उघडून थांबली होती, अगदी शांत, जणू तिला अख्खा दिवस मोकळा होता. तिला खरंच भिंगताईची काळजी होती का? असेलही. पण त्या पेनाकडे बघून मला पहिल्यांदाच कळलं की भिंगताई माणसांकडे तसं का बघते.

"नाही," मी म्हणाले. "मशीनची चूक असेल, असं आपलं वाटलं."

"तुमच्या मनातही काही असेल तर सांगा हं."

"माझं छान आहे," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

तिथून तडक भिंगताईच्या घरी गेले. तीन वाजायला पाच कमी होते. काकूला म्हटलं, आज मी उभी राहते. गाडी आली. धाकट्याने खिडकीतून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी हाका मारल्या, हात पुढे केला, चाळीस वर्षांच्या बाप्याला लाडीगोडी लावली. त्याने दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे घट्ट मिटले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, तुमचा दोष नाही. त्याला तीच हवी." गाडी वळली. माझा दोष नाही म्हणे!

मी पायरीवर बसून राहिले. सात वाजता भिंगताई त्याचा हात धरून आली. मला बघून तिने काही विचारलं नाही, हेच मला विचित्र वाटलं. त्याला आत नेलं, हातपाय धुतले, ताटात वाढून त्याच्यासमोर ठेवलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"महिनाअखेर सोडतेय मी," ती म्हणाली. "आज पत्र दिलं."

"ताई, असं करू नकोस. चूक माझी आहे. ते सातचे आणि नऊचे..."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"अगं, सात, आठ, नऊ. तो रेघांचा कागद बघितला तेव्हाच कळलं. अकरा वर्षं तुझ्याबरोबर खुर्ची बदलतेय, मला नाही कळणार कोण कधी कुठे बसतं ते?"

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ते माझे नाहीत, हिचे आहेत? आणि मग कोण कुणाच्या खुर्चीत होतं ते सगळं?" तिने धाकट्याच्या ताटाकडे बघितलं, तो खाली मान घालून जेवत होता. "शुक्रवारपासून वाट बघतेय, ही कधी सांगते."

"उद्या जाऊन खरं सांगते. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"तुझं एकटीचं होणार नाही. अजिबात सांगायचं नाही." मग मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता अशा आवाजात ती म्हणाली, "दोन महिने रोज रडका दाबलास. इतकं काय झालं होतं? त्या काचेला सांगितलंस. शेजारी मी बसले होते."

माझा नवरा सहा महिने घरी नव्हता, हे मी त्या दारात उभी राहून पहिल्यांदा तोंडाने बोलले. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, "तुला नाही सांगितलं, कारण तू उलटतपासणी घेतली असतीस. भीती वाटली मला तुझी."

"घेतलीच असती," भिंगताई म्हणाली. "आणि मग चहापर्यंत तुला रोज ट्रेच भरायला लावला असता. बघायचं मीच बघितलं असतं. रडलेल्या डोळ्यांनी कुणी कुप्या बघतं का?"